वाचा गेली म्हणजे नेमकं काय गेलं? मराठवाड्यात नव्यानं आलेल्या स्पीच थेरपिस्टसाठी

माझ्या पहिल्या वर्षातल्या एका रिपोर्टची मला अजून लाज वाटते. परभणीकडच्या सत्तरीच्या आजी, पक्षाघाताला तीन आठवडे झालेले, उजवा हात लुळा. मी विचारलं, "आजी, मालकाचं नाव काय?" आजी गप्प. परत विचारलं, तर त्यांनी डाव्या हातानं पदर तोंडाला लावला. मी लिहिलं : जवळच्या माणसांची नावं आठवत नाहीत. शेजारी बसलेली सून म्हणाली, "मॅडम, त्या कधीच घेत नाहीत मामांचं नाव. उखाण्यात घ्यायला लावा." तिनं उखाण्याची सुरुवात करून दिली आणि आजींनी शेवट नावासकट पुरा केला. मी लगेच आधीचं खोडून लिहिलं : नावं सांगता येतात.

दोन्ही वेळा चुकले. पहिल्यांदा रीत न कळल्यामुळं. दुसऱ्यांदा, कारण उखाणा हा एक-दोन-तीन म्हणण्यासारखाच असतो. तोंडात बसलेला, आपसूक येणारा. त्यातून नाव बाहेर पडलं म्हणजे हवं तेव्हा नाव सापडतं असं नाही. कुलूप दाखवल्यावर त्याच आजी "ते... ते आपलं..." यापुढं गेल्या नाहीत.

मेंदूला इजा झाल्यावर भाषा बिघडते त्याला आपण अफेजिया म्हणतो, मराठीत वाचाघात. त्याची तपासणी कॉलेजात शिकवतात, पण मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत कुठंही बसलात तरी खरी अडचण एकच येते : पेशंटकडून जे गेलं ते, आणि त्याच्याकडं कधी नव्हतंच ते, हे दोन वेगळं काढणं. खालचा क्रम मी त्यासाठीच पाळते.

१. पेशंट यायच्या आधी फोन करा

गावाकडून येणारं माणूस एका खेपेसाठी दिवस मोडून येतं आणि चारच्या एसटीवर डोळा ठेवून बसतं. त्यामुळं फोनवरच सांगून ठेवायचं, काय काय आणायचं :

- डिस्चार्ज कार्ड, सीटी किंवा एमआरआयची फिल्म आणि तिचा रिपोर्ट
- चालू गोळ्यांची चिठ्ठी (फिटची किंवा झोपेची गोळी सुरू असेल तर पेशंट पेंगतो, आणि आपण ते वाचाघातात धरतो)
- चष्मा, कवळी, कानाचं मशीन
- आजाराआधी केलेली सही असलेला एखादा कागद, पासबुक चालेल
- मोबाइलमध्ये पेशंट पूर्वी बोलत असल्याचा व्हिडिओ : लग्नातला, शेतातला, कसलाही
- घरातल्या माणसांची नावं आणि नाती एका कागदावर
- त्याच वयाचं, तेवढंच शिकलेलं घरातलं एक माणूस. याचं कारण शेवटी सांगते.

जुना व्हिडिओ ही सगळ्यांत मोलाची गोष्ट. मूळचाच अबोल माणूस असतो, मूळचाच तोतरा असतो. नातेवाइकांना विचारलं तर "लई बोलायचे, मॅडम" हेच उत्तर येतं. व्हिडिओ खोटं बोलत नाही.

इजा होऊन चार-सहा दिवसच झाले असतील तर पूर्ण टेस्ट काढूच नका. त्या दिवसांत चित्र सकाळ-संध्याकाळ बदलतं. खाटेपाशी दहा मिनिटं बघायचं : नाव ऐकून डोळे वळतात का, साधं सांगितलेलं करतो का, काही शब्द निघतो का. आणि सगळ्यांत आधी, पाणी पिताना ठसका लागतो का. घरचे अक्कलकारा मधात उगाळून जिभेला चोळत असतात. ज्याचं गिळणं बिघडलंय त्याच्या तोंडात काहीही घालणं धोक्याचं आहे, हे रागावून नाही पण स्पष्ट सांगा.

२. भाषा गेली की जीभ?

घरचे चार वाक्यांपैकी एक बोलतात : "वाचा गेली", "जीभ जड पडली", "अंगावरून वारं गेलं", नाहीतर "डोक्यात फरक पडलाय". यातलं कुठलंच निदान नाही, पण प्रत्येकात धागा असतो.

जीभ जड असेल तर शब्द बरोबर असतात, उच्चार लडबडतो. लिहिता येणारा माणूस तेच नीट लिहून दाखवतो. वाचाघातात लिहिणंही बिघडतं. तिसरा प्रकार : शब्द माहीत आहे, जिभेत ताकद आहे, पण ओठ-जिभेच्या हालचाली जुळत नाहीत, माणूस तोंड चाचपडत राहतो आणि प्रत्येक वेळी वेगळं चुकतो. एकाच पेशंटमध्ये तिन्ही असू शकतात. तरी तीन ओळी वेगळ्या लिहा.

"डोक्यात फरक पडलाय" म्हणून आणलेल्या पेशंटकडं जास्त लक्ष द्या. मेंदूच्या डाव्या बाजूला, कानामागच्या भागात इजा झाली तर हात-पाय शाबूत राहतात, बोलणं धो-धो चालतं, पण त्याला अर्थ नसतो आणि समोरच्याचं कळत नाही. वेर्निकनं १८७४ मध्ये हा प्रकार मांडला. आपल्याकडं अशा माणसाला आधी देवऋषाकडं नेतात, मग मनोविकारतज्ज्ञाकडं. लकवा दिसत नाही, त्यामुळं मेंदूचा फोटो काढायचं कुणाच्या मनात येत नाही. असा पेशंट फिल्मशिवाय आला तर मी टेस्ट बाजूला ठेवते आणि न्यूरोच्या डॉक्टरांकडं पाठवते.

ऐकू येतं का, हेही आत्ताच बघा. साठी ओलांडलेल्या माणसाला पाठीमागून हाक मारून बघायला किती वेळ लागतो?

आणि हात. उजव्या हातानं काम करणाऱ्या सुमारे ९५ टक्के लोकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते, म्हणून मूळचा हात कोणता ते लिहावं लागतं. "जेवतात कोणत्या हातानं?" हा प्रश्न आपल्याकडं निरुपयोगी, सगळेच उजव्यानं जेवतात. दगड कोणत्या हातानं भिरकवायचे, सुईत दोरा कोणत्या हातानं ओवायच्या, ते विचारा.

३. घरात काय बोलतात ते खोदून विचारा

फॉर्मवर "मातृभाषा : मराठी" लिहून मोकळं होऊ नका. उमरगा-निलंग्याकडं घरात कन्नड, देगलूर-धर्माबादकडं तेलुगू, बंजाऱ्यांच्या तांड्यावर गोरमाटी, आणि जवळजवळ प्रत्येक शहरात दखनी. ही सगळी माणसं बाजारात मराठी बोलतात, म्हणून आपल्याशीही मराठीतच बोलतात.

उमरगा तालुक्यातले एक काका आठवतात. टेबलावर ग्लास, चावी, कंगवा. मी म्हणत होते, "ग्लास दाखवा, काका." काका माझ्याकडं बघत राहिले. तीनदा झालं. काकू वैतागून कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटल्या आणि काकांनी ग्लास उचलून त्यांच्यापुढं धरला. शाळा मराठी, पंचायतीची कामं मराठी, पण पन्नास वर्षं बायकोशी कन्नड. इजेनंतर दोन्ही भाषा सारख्याच बिघडतील असा नियम नाही. कधी लहानपणची टिकते, कधी रोजची. म्हणून दोन्हींत तपासायचं, वेगवेगळ्या दिवशी, आणि दोन्हींचे मार्क वेगळे ठेवायचे.

मी पाच गोष्टी विचारते : आईशी कोणत्या भाषेत बोलायचे, बायकोशी कोणत्या, बाजारात कोणत्या, देवाचं किंवा नमाजाचं सोडून मनातल्या मनात पैसे कोणत्या भाषेत मोजायचे, आणि शाळा कोणती. शेवटचा प्रश्न पार म्हाताऱ्या पेशंटना आवर्जून विचारा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाकडं होता आणि शाळेत उर्दू चालायची. नव्वदीच्या आजोबांना देवनागरी वाचता येत नाही म्हणून तुम्ही "वाचन गेलं" लिहाल, आणि ते मूळचे उर्दूच वाचणारे निघतील.

दुभाषा म्हणून नातेवाईक बसवलात तर त्याला दोन नियम घालून द्या. मी सांगेन तेवढंच वाक्य बोलायचं, हात-डोळे हलवायचे नाहीत. आणि पेशंट जे म्हणेल ते जसंच्या तसं सांगायचं. "पाणी मागायलेत" हे नको. तोंडातून काय आवाज निघाला ते हवं.

पुण्या-मुंबईकडून आलेल्यांसाठी खास : "जेवायलोय", "काय करायलास", "म्या बी" या चुका नाहीत. एका नवीन मुलीनं "जायलोय" व्याकरणाच्या चुकीत धरलेलं मी पाहिलंय. व्हिडिओत पेशंट आधी कसा बोलायचा ते ऐका, तेच प्रमाण.

४. पिशवी भरा

छापील कार्डांवर अननस असतो, पियानो असतो. शाळेत न गेलेल्या माणसाला रेघांच्या चित्रापेक्षा हातात दिलेली वस्तू सहज ओळखता येते, त्यामुळं माझ्या पिशवीत खऱ्या वस्तू असतात : कुलूप, चावी, काडेपेटी, कंगवा, चमचा, पळी, अडकित्ता, घड्याळ, नाणी, कासऱ्याचा तुकडा, कापसाचं बोंड, तुरीची शेंग, खुरपं. (खुरप्यामुळं दवाखान्याच्या गेटवर वॉचमननं मला एकदा अडवलं होतं. आता फडक्यात गुंडाळून नेते.) शिवाय रेकॉर्डिंगसाठी मोबाइल, जाड पेन, कोरे कागद. रेकॉर्डिंगची परवानगी पेशंटलाही विचारा, फक्त मुलाला नाही.

गोष्ट सांगायला एक चित्र लागतं. वाचाघाताच्या बोस्टन टेस्टमधलं जे प्रसिद्ध आहे, त्यात पोरगं बिस्किटं चोरतंय आणि सिंकमधून पाणी वाहतंय. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तिथल्या एका मावशी त्या चित्राकडं बघून बोलेनातच, नुसती त्या वाहत्या पाण्यावर बोट ठेवून मान हलवत राहिल्या. मी मग येळवशीचं (वेळ अमावस्या, घरदार शेतात जेवायला जातं तो सण) चित्र काढून घेतलं : शेतात कडब्याची कोप, पंगत, आंबिलीचं मडकं, एक पोरगं झाडावर, कुत्रं भज्जीकडं तोंड नेतंय. लातूर-धाराशिवकडं ते लगेच चालतं. तुमच्या जिल्ह्यात येळवस नसेल तर आठवडी बाजार काढून घ्या.

५. राम रामपासून सुरुवात

पहिला प्रश्न म्हणजे नमस्कार. घरच्यांना विचारून ठेवा : राम राम, जय भीम, सलाम, जय सेवालाल, काय चालतं ते. तुम्ही म्हणा आणि थांबा. उलट उत्तर आलं तर आपसूक बोलणं शिल्लक आहे. मग वार, एक ते वीस, हरिपाठातली ओळ, येळवशीला चर शिंपडताना देतात ती आरोळी. शिव्याही याच खात्यात. "एक शब्द येत नाही पण शिव्या खणखणीत देतात, मुद्दाम करतात" अशी तक्रार येतेच. मुद्दाम नसतं, हे सांगताना मुलाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आता मोकळं बोलणं. काय झालं, शेतात काय लावलंय, पोरं किती. पेशंटला अवघड जाईल तिथं पाच-सहा सेकंद नुसतं थांबा. अर्धे नवीन लोक इथं नापास होतात, शांतता सहन न होऊन स्वतःच उत्तर देतात.

वाक्य तुटतंय का ते मराठीच्या अंगानं ऐका. पुस्तकांत लिहिलेलं असतं की पेशंट प्रत्यय गाळतो. मराठीत "जाणे"तला प्रत्यय गाळला तर "जा" उरतो, आणि ती आज्ञा होते. त्यामुळं आपला पेशंट बऱ्याचदा "मी... शेत... जायचं" असं जोडतो, किंवा लिंग घसरतं : "पोरगी आला". "-नं", "-ला" जागचे हलतात. हे मी शब्दशः टिपून ठेवते. पुढं सुधारणा पहिल्यांदा इथंच दिसते.

६. कळतं किती?

"सगळं कळतंय, फक्त बोलता येत नाही." दहांतले नऊ नातेवाईक हेच म्हणतात. ताट पुढं आल्यावर जेवायला बसणं, पिशवी घेतल्यावर उठणं यात भाषा लागत नाही. घरची माणसं बोलताना हात हलवतात, दाराकडं बघतात, पेशंट तेवढ्यावर चालवून घेतो.

म्हणून नातेवाइकांना पेशंटच्या पाठीमागं बसवा. तुमचे हात टेबलाखाली.

हो-नाहीच्या प्रश्नांत मोठा खड्डा मानेचा आहे. आपल्याकडं मान आडवी डोलवली की होकार, आणि आडवीच झटकली की नकार. पेशंटची मान आधीच अडखळत हलते. मी दोन कार्डं ठेवते, हिरवं हो, लाल नाही. आधी चार सोप्या प्रश्नांवर सराव, मग टेस्ट. प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी विचारायची. "तुमचं नाव अमुक का?" आणि थोड्या वेळानं "तुमचं नाव तमुक का?" दोन्हींना हो आलं तर पहिलं हो बाद. अंदाजानं निम्मी उत्तरं बरोबर येतातच; वीसपैकी अकरा बरोबर म्हणजे समज आहे असं लिहू नका.

महिन्यांचे प्रश्न असतील तर मार्च-जूनपेक्षा "आषाढ आधी की श्रावण?" बरं पडतं. आज्ञा एकेक पायरीनं वाढवा : "डोळे मिटा", मग "चावी उचला", मग "चावी कंगव्यावर ठेवा आणि काडेपेटी मला द्या". मग प्रत्ययावरचं : "वाघानं बैलाला मारलं. कोण मेलं?" आणि लगेच "बैलाला वाघानं मारलं. कोण मेलं?" क्रम बदलला की गडबडणारा पेशंट शब्द पकडून चालतोय, प्रत्यय नाही. उजवीकडच्या वस्तू सारख्या राहून जात असतील तर आधी नजरेची बाजू तपासा.

७. माझ्यामागं म्हणा

सोपं आणि झटपट. आधी एक शब्द, मग लांब शब्द, मग वाक्य. कळतं चांगलं, बोलतो ओघात, पण मागं म्हणता येत नाही, हा एक प्रकार. बाकी सगळं तोकडं पण मागं म्हणणं सुरेख, हा दुसरा. ही एवढी पाच मिनिटं प्रकार ठरवून देतात. निरर्थक शब्द म्हणायला लावणार असाल तर शाळेत न गेलेल्यांना ते मुळातच जड जातात हे धरून चाला.

८. नाव सांगा

प्रत्येक वस्तूला त्या घरात काय म्हणतात ते आधी सोबतच्या माणसाला बाजूला नेऊन विचारा. कंगव्याला फणी, काडेपेटीला आगपेटी, भाजीला माळवं. सगळी बरोबर.

मार्कांपेक्षा चूक कशी झाली ते लिहा. समोर खुरपं आहे. पेशंट "विळा" म्हणाला : अर्थाच्या शेजारी गेला. "पुखरं" म्हणाला : शब्द सापडला, आवाज उलटले. "ते आपलं, गवत काढायचं" : वळसा घातला. मघाचं "कुलूप"च परत म्हणाला : अडकला, तेव्हा घोटभर पाणी द्या, थोडं थांबा. यातल्या प्रत्येकाला पुढं वेगळा व्यायाम लागतो. अडलं तर आधी उपयोग सांगा, मग वाक्य अर्धं सोडा ("कुलूप उघडायला लागते ती..."), मग पहिला आवाज द्या. कशानं शब्द निघाला ते खूण करून ठेवा. घरच्यांना शिकवायचं ते हेच.

एका मिनिटात जनावरांची नावं घ्यायला सांगतात, तिथं शेतकरी माणूस गाय, गोऱ्हा, कालवड, म्हैस, वगार, रेडकू, शेळी, करडू, बोकड अशी घरचीच दावण सोडतो. मी प्रत्येकाला एक मार्क देते. तुम्ही वेगळं ठरवा, पण तीन महिन्यांनी तोच नियम लावा.

९. वाचन-लेखन

शिकलेल्यांचंच तपासा. उजवा हात गेला असेल तर डाव्यानं. अक्षर वाकडं येईल, ते धरू नका. सही ही चित्रासारखी उमटते, ती आली म्हणून लेखन शाबूत धरायचं नाही.

१०. आकडा

केर्टेझची वेस्टर्न अफेजिया बॅटरी ही वाचाघात मोजायची टेस्ट. तिच्यात मोकळं बोलणं २०, समज १०, मागं म्हणणं १०, नावं १०. बेरीज ५०, तिची दुप्पट म्हणजे १०० पैकी अफेजिया कोशंट. ९३.८ च्या खाली असेल तर वाचाघात. वाचन-लेखन या आकड्यात येत नाही, ते आपल्या सोयीचंच.

पण ही ९३.८ ची रेघ आपल्याकडच्या निरक्षर शेतकऱ्यांवर आखलेली नाही. म्हणून ते सोबतचं माणूस. पेशंटच्या धडधाकट भावाला त्याच पिशवीतल्या वस्तू दाखवा, तेच प्रश्न विचारा. ज्या प्रश्नाला भाऊही चुकला तो प्रश्न पेशंटच्या आजाराबद्दल काही सांगत नाही. भावाला पंधरा मिनिटं लागतात, आणि तो चहा घेऊन परत येतो तोवर पेशंटला विसावा मिळतो. सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त कुणालाच बसवू नका.

११. रिपोर्ट, आणि टक्के

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषेच्या दिव्यांगत्वात वाचाघात नाव घेऊन आहे. मात्र तो कायमचा असावा लागतो, आणि बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात. पहिले तीन महिने सुधारणा सगळ्यांत वेगानं होते, त्यामुळं दुसऱ्या महिन्यात कुणी प्रमाणपत्रासाठी रिपोर्ट मागितला तर थांबायला सांगा. "मॅडम, टक्के तेवढे वाढवा" हेही ऐकायला मिळेल. त्या घरची ओढाताण खरी असते, पण फुगवलेल्या आकड्यावर पुढची तुलना करता येत नाही. रिपोर्टखाली सहीसोबत तुमचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक घालायला विसरू नका, त्यावाचून लोकांना परत हेलपाटा पडतो.

डॉक्टरांसाठीचा रिपोर्ट वेगळा. घरच्यांना एकच पान द्या, मराठीत, मोठ्या अक्षरात. उमरग्याच्या काकांचं पान असं होतं :

"कन्नडमध्ये बोला. एका वेळी एकच गोष्ट सांगा. टीव्ही बंद करा. 'काय खाणार?' असं विचारू नका; भाकरी आणि भात दोन्ही दाखवून विचारा. शब्द अडला तर मनात पाच आकडे मोजा, मग पहिला आवाज द्या. पाहुण्यांसमोर 'हे काय, सांगा बरं' अशी परीक्षा घेऊ नका."

पुढची तारीख ऊसतोडीला टोळी निघायच्या आधीची द्या, नाहीतर पेशंट थेट उन्हाळ्यात भेटतो. मधे फोनवर बघणार असाल तर व्हिडिओ कॉल लावा आणि सांगून ठेवा, फोन काकांच्याच हातात द्यायचा. स्पीकरवर टाकला की सगळी उत्तरं सून देते.